खड्डा बुजणार नाही

वर्ध्याजवळच्या पिपरी मेघेत आमच्या घराचा पत्ता विचारला तर कुणी घर नंबर सांगत नसे. "सरळ जा. ज्या निंबाच्या झाडाले इंजिन टांगून दिसन, थेच मधुभाऊ झाड्याचं घर," असं सांगत. आणि खरंच, वर्षातले सहा महिने तरी आमच्या दारातल्या कडुनिंबाला कुठल्या ना कुठल्या गाडीचं इंजिन साखळीनं लटकत असायचं. माझ्या शाळेतल्या मैत्रिणी घरी यायच्या तेव्हा त्यांना त्या इंजिनाखालून वाकून दारापर्यंत यावं लागे. मला तेव्हा त्याची फार लाज वाटायची. आता वाटत नाही, पण वाटायची हे लिहून टाकलेलं बरं.

बाबांच्या त्या कारभाराला गॅरेज म्हटलेलं त्यांना खपत नसे. "हे घर हाये," ते म्हणत. "मी घरी गाड्या दुरुस्त करतो." पाटी नव्हती, शटर नव्हतं. अंगण होतं, अंगणात पुरुषभर खोल खड्डा होता, निंबाचं झाड होतं आणि स्वयंपाकघराच्या खिडकीखाली अवजारांची लोखंडी पेटी होती. न्हाणीच्या दगडावर कार्बोरेटर वाळत पडलेला असायचा. पापड वाळवायच्या खाटेवर एका बाजूला आईचे पापड आणि दुसऱ्या बाजूला धुतलेले बेअरिंग, आणि मध्ये आईनं ठेवलेली एक काठी. काठीच्या पलीकडे बेअरिंग आलं की आई ते उचलून सरळ अंगणात फेकायची.

घर या शब्दावर बाबा इतके अडून बसायचे त्याला कारण होतं. आमचं मूळ सेलू तालुक्यातलं. वांगी, फुलकोबी, सांभार म्हणजे कोथिंबीर पिकवायची आणि वर्ध्याच्या बाजारात न्यायची, हा आजोबांचा धंदा. त्यासाठी घेतलेली जुनी जीप दर दोन दिवसांनी रस्त्यात थांबायची. सांभार सुकायच्या आत ती चालू झाली पाहिजे, एवढी एकच अट. बाबा गाडी शिकले ते तिथं. पुढे शेती धाकट्या काकांकडे राहिली आणि बाबा सिंदी रेल्वे गावात एका कापसाच्या जिनिंगच्या मालकाकडे ड्रायव्हर म्हणून लागले. मालकाच्या गाडीचा क्लच जाणार आहे, हे बाबा आठ दिवस सांगत होते. मालकानं मनावर घेतलं नाही. एक दिवस पाहुणे बसलेले असताना गाडी सेलूच्या अलीकडे थांबली. मालक पाहुण्यांसमोर ओरडला, "ड्रायव्हर आहेस, ड्रायव्हरसारखा राहा. मिस्त्रीगिरी करतो म्हणूनच गाड्या बिघडतात."

रस्त्याच्या कडेला झोपून बाबांनी क्लचची तार आवळली, गाडी कशीबशी चालती केली, पाहुण्यांना बंगल्यापर्यंत नेऊन सोडलं, गाडी सावलीत लावली, काच पुसली. मग किल्ली बॉनेटवर ठेवली आणि स्टेशनवर जाऊन पॅसेंजरनं वर्ध्याला आले. त्यानंतर त्यांनी दुसऱ्याच्या छपराखाली कधी पाना धरला नाही. नागपूरच्या मोठ्या शोरूमनं नंतर बोलावलं होतं, कपडेसुद्धा देणार होते. बाबा म्हणाले, "कपडे हायेत माह्यापाशी."

ते कपडे म्हणजे एक खाकी हाफपँट, बाह्यांची बनियन आणि डोक्याला गुंडाळलेला दुपट्टा. अंगानं किरकोळ, उंचीनं आईपेक्षा बोटभर कमी. गाडी आली की ते आधी तिच्याभोवती एक चक्कर मारत. मग मालकाला सुरू करायला सांगून स्वतः गाडीकडे पाठ करून, डोळे मिटून उभे राहत. मालक बोलायला लागायचा, भाऊ, असा आवाज येते, तसा आवाज येते. बाबा मागं न पाहता म्हणायचे, "तू नोको बोलू. तिले बोलू दे."

त्यांच्या तोंडी एक वाक्य कायम असायचं. कुणी म्हणालं की हे होत नाही, की ते विचारायचे, "होत नाई म्हंजे काय? खोलून पायलं का?" हे ते गाडीपुरतंच म्हणत असते तर ठीक होतं. मला अकरावीला प्रवेश घ्यायचा होता तेव्हा कॉलेजातल्या बाबूनं जागा भरल्या म्हणून सांगितलं. बाबांनी खिडकीतून मान आत घालून विचारलं, "खोलून पायलं का?" बाबूला वाटलं हा माणूस रजिस्टरबद्दलच बोलतोय. त्यानं वैतागून रजिस्टर उघडलं आणि पान उलटता उलटता त्याचा चेहरा बदलला. एका मुलीनं नाव काढून घेतलं होतं. मी त्या जागेवर शिकले, आणि आज हिंगणघाटला शाळेत शिकवते.

रस्त्यात पेट्रोलची टाकी गळायला लागली तर अंगाचा साबण घासून भोक बुजवायचं, रेडिएटर गळत असेल तर त्यात मूठभर हळद टाकायची, हे सगळं बाबांकडे होतं. हळद गरम पाण्याबरोबर फिरत जाऊन चिरेत बसते आणि गाडी निदान घरापर्यंत पोचते. त्यामुळे आमच्या स्वयंपाकघरातली हळद महिना पुरायची नाही. आई म्हणायची, "ह्या घरात हळद पयले गाडीले लागते, मंग वरनाले." ती खिडकीतूनच बोलायची. बाबा खड्ड्यात असले की हात वर करायचे, "बारा-तेरा दे," आणि आई पोळी तव्यावर ठेवून खिडकीतून वाकून पेटीतला बारा-तेराचा पाना काढून द्यायची. तीस वर्षं तिनं त्या खड्ड्याला शिव्या दिल्या आणि तीस वर्षं तिचा पाना कधी चुकला नाही. हे तेव्हा आमच्यापैकी कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

खड्डा बाबांनी स्वतः खणला होता. एका बाजूनं सहा पायऱ्या, आतून विटांचं बांधकाम. वर्ध्याच्या उन्हाळ्यात, मे महिन्यात जेव्हा भिंतींना हात लावला तरी चटका बसायचा, तेव्हा बाबा दुपारी त्या खड्ड्यात ओला दुपट्टा डोक्यावर घेऊन बसायचे. आईही दह्याचं गाडगं खड्ड्याच्या तळाशी ठेवायची. वर गाडी, खाली बाबा आणि दही.

आमच्या लेआऊटमध्ये हळूहळू घरं वाढली. पुढे फरशी, कुंड्या, लोखंडी फाटकं आली. समोरच्या ओळीत सोनटक्के सर राहायला आले, निवृत्त मुख्याध्यापक, शिस्तीचे. त्यांना ठोकाठोकीचा त्रास व्हायचा आणि तो खरा होता. त्यांनी चार घरांच्या सह्या घेऊन ग्रामपंचायतीत अर्ज दिला: रहिवासी भागात गॅरेज चालते, आवाज होतो, तेल नालीत जाते, खड्डा धोकादायक आहे, तो बुजवून काम बंद करावे.

ग्रामपंचायतीतून बोलावणं आलं. मी बाबांबरोबर गेले होते, कारण अर्ज वाचून दाखवायला कुणी हवं होतं. खरं म्हणजे बाबांना वाचता येत होतं, पण ते म्हणाले, "तू वाच. मले ऐकू दे." मी वाचलं. त्यांनी गाडीसारखंच, डोळे मिटून ऐकलं. मग उठून उभे राहिले.

"सरांचं आवाजाचं बरोबर हाये," ते म्हणाले. "दुपारी एक ते चार हातोडा बंद. सुटीच्या दिवशी बंद. तेल नालीत जात नाई. जळकं ऑइल मी डब्यात भरतो, शेतकरी लाकडाले लावाले नेतात, उधई-वाळवी लागत नाई म्हनून. कोनीबी येऊन पाहावं. खड्ड्यावर झाकन करतो."

सोनटक्के सर म्हणाले, "आणि बंद कधी करता?"

"बंद नाई करत."

"झाडे, हा रहिवासी भाग आहे."

"म्हनूनच तं राहून राह्यलो, सर. मी माह्या घरी राहातो, माह्या हातानं काम करतो. हा गुन्हा असन तं माहं नाव लिहा गुन्हेगार म्हनून. पन खड्डा बुजनार नाई."

सरपंच तरुण होता. त्यानं दोघांकडे पाहिलं आणि बाबांनी कबूल केलेलं सगळं कागदावर लिहून घेतलं. बंदचा मुद्दा पुढच्या बैठकीवर ढकलला आणि ती बैठक कधी झालीच नाही. दुपारी एक ते चार मात्र बाबांनी त्यानंतर हातोडा उचलला नाही. लोखंड तापलेलं असो नाही तर गिऱ्हाईक दारात बसलेलं असो.

या गोष्टीला पुढे एक शेपूट आहे. दीडेक वर्षानं सोनटक्के सरांची गाडी आमच्याच फाटकासमोर बंद पडली. पाच-सहा वेळा त्यांनी किल्ली फिरवली. आम्ही घरातून पाहत होतो. आईनं बाबांना खूण केली, जा. सर खाली उतरले, आमच्या फाटकाकडे न पाहता दार उघडं ठेवून एका हातानं स्टिअरिंग धरून गाडी ढकलायला लागले. मोठ्या रस्त्यावर दुसरं गॅरेज होतं. सरांच्या वयाच्या मानानं ते बरंच लांब होतं. बाबा बाहेर गेले, गाडीच्या मागं हात लावले आणि ढकलू लागले. सर पुढं, बाबा मागं. असे दोघे एक शब्द न बोलता त्या गॅरेजपर्यंत गेले. बाबा तिथून परत आले आणि पायावर पाणी घेत म्हणाले, "पेट्रोलच्या पंपाचा फ्यूज उडालता. पंपाचा आवाजच नोयता येत."

आई चिडली. "मंग सांगतलं काऊन नाई? दोन मिनटाचं काम होतं."

"त्यायनं इचारलं नाई," बाबा म्हणाले. "मानूस आपल्या बोलन्यावर टिकून राह्यला. त्याचं बोलनं म्या काऊन मोडू?"

सोनटक्के सरांबद्दल घरात वाकडं बोललेलं त्यांना त्यानंतर चाललं नाही.

एका मार्चमध्ये सकाळी चहा पिताना बाबांच्या हातातून कप सुटला. दुसरा कप आणायला आई आत गेली आणि परत आली तोवर बाबांचं तोंड एका बाजूला ओढलं होतं. सेवाग्रामच्या दवाखान्यात तीन आठवडे काढले. उजवा हात, उजवा पाय गेला. जीभ जड झाली. पुण्याहून माझा धाकटा भाऊ प्रशांत आला. मी शाळेतून रजा घेतली.

एक तरुण डॉक्टरीण रोज येऊन त्यांच्याशी बोलायचा प्रयत्न करायची. कंगवा दाखवायची, चमचा दाखवायची. बाबा भिंतीकडे पाहत राहायचे. नवव्या की दहाव्या दिवशी तिनं विचारलं, "बाबा, तुम्हाला काय हवंय ते तरी सांगा." बाबांचे ओठ बराच वेळ हलले आणि मग आवाज आला. "पाना."

ती आनंदून गेली आणि पेला भरून पाणी घेऊन आली. बाबांनी डाव्या हातानं पेला उडवून लावला. पाणी तिच्या कोटावर सांडलं. "पाना," ते परत म्हणाले, डोळ्यांत पाणी आणून. प्रशांत डॉक्टरीणबाईंची माफी मागत राहिला. आई तेवढी स्टुलावर बसून हसत होती, लकवा झाल्यापासून पहिल्यांदा. दुसऱ्या दिवशी तिनं पदराखालून दहा-अकराचा पाना आणला आणि बाबांच्या डाव्या हातात ठेवला. घरी येईपर्यंत तो पाना त्यांच्या उशीपाशी होता.

घरी आल्यावर प्रशांतनं आणि मी ठरवलं की आता हे पुरे. अंगणातला खड्डा म्हणजे धोका. तो बुजवायचा, वर फरशी घालायची, दारापर्यंत उतार करायचा, धरायला रेलिंग लावायचं. अवजारांची पेटी काढून टाकायची. प्रशांतच्या मनात माया होती, माझ्याही होती. बाबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "नाई." दुसऱ्या दिवशी सांगितलं, "नाई." तिसऱ्या दिवशी प्रशांत मला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, डॉक्टर म्हणालेच होते ना, या आजारात माणूस हट्टी होतो." मी मान डोलावली. आयुष्यभर हा माणूस असाच होता, हे मला तेव्हा आठवलं नाही. मुरमाच्या ट्रॅक्टरवाल्याला फोन मीच केला.

सकाळी दहाच्या सुमारास ट्रॅक्टर आला. ट्रॉली उलटी लावायला ड्रायव्हर मागं-पुढं करत होता. प्रशांतनं खड्ड्यावरच्या फळ्या काढायला सुरुवात केली तर दोन फळ्या आधीच सरकवलेल्या. त्यानं वाकून आत पाहिलं आणि ओरडला.

बाबा खड्ड्यात होते. सहा पायऱ्या एकेक करत बसल्या बसल्या उतरून गेले होते. भिंतीला पाठ लावून, मेलेला पाय सरळ पसरून ते बसले होते. चालायची काठी बाजूला पडली होती.

"बाबा, हे काय करून राह्यले तुमी? वर या!" प्रशांत पुण्याची भाषा विसरला.

बाबांनी वर पाहिलं. "टाक... म्हना... त्याले."

प्रशांत खाली उतरला. बाबांना काखेत हात घालून उचलायला गेला. बाबांनी भिंतीतली लोखंडी कडी डाव्या हातानं धरली. पन्नास वर्षं पाने आवळलेला तो हात. प्रशांत ओढत राहिला, कडी सुटली नाही. शेवटी तोच पायरीवर बसला आणि हातानं तोंड झाकून रडायला लागला. मी वर उभी. ट्रॅक्टर तसाच सुरू होता, ड्रायव्हर बघत बसला होता. समोरच्या घरांची दारं उघडली होती. सोनटक्के सरही फाटकात येऊन उभे होते.

आई आतून हात पुसत आली. आता ती बाबांना चांगलं झापणार, असं मला वाटलं. ती खड्ड्याच्या काठाशी उभी राहिली आणि नुसती पाहत राहिली. बाबांनी डोळे मिटले होते. मला वाटलं, चक्कर आली. मग त्यांनी डावा हात कडीवरून काढला आणि बोट वर केलं, ट्रॅक्टरच्या दिशेनं.

"दोनावरच... हाये," ते म्हणाले. "एक... मेलं."

ड्रायव्हर खाली उतरला. "काय म्हनते काका?"

"तुह्या इंजिनाचं एक सिलेंडर बंद हाये म्हनते," आई म्हणाली.

"खरं हाये ना बाप्पा! महिना झाला, चढावर दमच नाई धरत. दोन मिस्त्री म्हनले, सारं इंजिन खोला लागन."

बाबांनी आईकडे पाहिलं. "पाना," ते म्हणाले.

आई पेटीपाशी गेली. कुठला पाना, हे तिनं विचारलं नाही. सतरा-एकोणीसचा घेतला, पदर कमरेला खोचला आणि ट्रॅक्टरपाशी जाऊन उभी राहिली. ड्रायव्हर म्हणाला, "काकू, तुमी?"

"मंग काय तू करतं? महिनाभर तं तूच करून राह्यला होता."

खड्ड्यातून बाबा एकेक शब्द सोडत होते. डिझेलच्या तीन नळ्या इंजिनात जातात, त्या प्रत्येकीला एक नट असतो. पहिला ढिला कर, ते म्हणाले. आईनं दोन्ही हातांनी जोर लावला. नट हलला, डिझेल पाझरलं आणि इंजिन एकदम अडखळलं. "कस... परत." आईनं आवळला, इंजिन सावरलं. "दुसरा." तिनं दुसरा ढिला केला. काहीच झालं नाही. आवाज होता तसाच राहिला. ज्यांना गाडीतलं काही कळत नाही अशा आम्हा सगळ्यांनाही ते ऐकू आलं.

"थोच," बाबा म्हणाले.

"थोच," आई ड्रायव्हरला म्हणाली. "मेलेलं सिलेंडर हेच. याचाच डिझेल फवाराचा नोझल गेला. सारं इंजिन खोलाची काई गरज नाई."

ड्रायव्हर कुणाची तरी मोटरसायकल घेऊन बजाज चौकाकडे गेला आणि नवा नोझल घेऊन आला. आईनं तो बसवला. दोनदा पाना घसरून तिची बोटं सोलली. पण ट्रॅक्टर सुरू झाला तेव्हा त्याचा आवाज भरून आला होता. बाबा तोवर खड्ड्यातच बसले होते. तो आवाज ऐकल्यावर त्यांनी प्रशांतकडे डावा हात केला, चल, ने आता वर.

मुरूम ड्रायव्हरनं रस्त्याच्या कडेला ओतला. पुढचे दोन दिवस प्रशांत फावडं घेऊन आमच्या गल्लीतले खड्डे बुजवत होता. संध्याकाळी माझ्याशेजारी येऊन बसला आणि म्हणाला, "ताई, रेलिंग मी त्या खड्ड्याच्याच पायऱ्यांना लावून देतो." आणि पुण्याला जायच्या आधी त्यानं ते लावून दिलं.

त्यानंतर चार वर्षं आई-बाबांनी मिळून गाड्या दुरुस्त केल्या. आई साडीवर बाबांचा जुना शर्ट घालून खड्ड्यात उतरायची, बाबा काठाशी प्लास्टिकच्या खुर्चीत. आयुष्यभर बाबांनी आईला "अवो" अशीच हाक मारली होती. आता शब्द मोजकेच निघायचे, म्हणून असेल किंवा दुसऱ्या कशामुळे असेल, ते तिला नावानं हाक मारायला लागले. "कमल, चौदा." "कमल, थांब." चारचौघांत. आईला पहिल्यांदा कसंतरी झालं, मग ती ओ द्यायला लागली.

एक माणूस मोठी पांढरी गाडी घेऊन आला. खड्ड्यात बाई पाहून बाबांना म्हणाला, "मिस्त्री कुठंय?" बाबांनी बोट खाली केलं. तो हसला. म्हणाला, "नाही, म्हणजे खरा मिस्त्री." बाबांचा चेहरा लाल झाला, शब्द अडकले. आईनंच खड्ड्यातून डोकं वर काढलं, कपाळाला काळं लागलेलं. "दादा, गाडी मागं घ्या. मांगून दुसरी गाडी येऊन राह्यली." मागं कुणीच नव्हतं. त्यानं मुकाट्यानं गाडी मागं घेतली आणि गेला.

आणि एकदा एका गाडीत पुढून टकटक येत होती. बाबांनी डोळे मिटून ऐकलं आणि सांगितलं, बेअरिंग. आई चाकापाशी बसून ऐकत होती. ती म्हणाली, "नाई. बुश हाये." दोघांचं चांगलं वाजलं. खोललं तर बुश निघाला. बाबा त्या दिवशी आल्यागेल्याला सांगत होते, मलाही फोन लावायला लावला. "कमलनं... मले... खोटं पाडलं." एवढं खूश मी त्यांना माझ्या नोकरीच्या वेळीही पाहिलं नव्हतं.

मागचा हिवाळा सरायच्या आत बाबा गेले. फार त्रास न होता गेले. त्या दिवसाबद्दल लिहिण्यासारखं माझ्याकडे काही नाही. मी त्यांना धड असं शेवटचं पाहिलं ते त्याच्या दीड-दोन महिने आधी, दिवाळीनंतर, काकांच्या शेतावर.

लकवा झाल्यापासून बाबांनी गाडी चालवली नव्हती आणि ती एक गोष्ट त्यांच्या मनात घर करून होती. कुणीतरी भंगारात काढलेली छोटी लाल आठशे सीसीची गाडी त्यांनी अंगणात ठेवून घेतली होती. वर्षभर दोघं तिच्यावर काहीतरी करत होते, आम्हाला सांगत नव्हते. ब्रेकच्या पेडलला लोखंडी पट्टी जोडून ते डाव्या पायाच्या टप्प्यात आणलं होतं. स्टिअरिंगला एका हातानं फिरवता येईल असा लाकडी गोळा बसवला होता. उरला अ‍ॅक्सिलरेटर. त्याच्यासाठी ना पाय उरला होता, ना हात. त्याची तार त्यांनी डावीकडे, शेजारच्या सीटपाशी काढली आणि तिला सायकलच्या ब्रेकची मूठ जोडली. ती मूठ आईनं धरायची.

"बाबा, हे रस्त्यावर नाही चालणार," दिवाळीला आलेला प्रशांत म्हणाला. "पोलीस सोडा, माणसं मरतील."

"रस्ता... कोनाले... पायजे?" बाबा म्हणाले.

म्हणून गाडी दुसऱ्या गाडीला बांधून काकांच्या शेतावर नेली. सोयाबीन निघालं होतं, चण्यासाठी वखरणी व्हायची होती. वावर मोकळं, सपाट, चहूबाजूंनी धुऱ्याचे बांध. बाबांना आम्ही उचलून सीटवर बसवलं. आई पलीकडे बसली, तिनं पदर खोचला आणि मूठ हातात घेतली. बाबांनी किल्ली फिरवली. "दे," ते म्हणाले. आईनं मूठ आवळली. गाडी दोन धक्के खाऊन बंद पडली. परत. परत बंद. चौथ्यांदा ती निघाली आणि धुऱ्याच्या कडेकडेनं, सोयाबीनची धसकटं मोडत, हलत-डुलत पुढं गेली. "दे... सोड... दे," बाबांचा आवाज ऐकू येत होता, मग तो लांब गेला.

एक चक्कर झाली. दुसरी झाली. काकूनं आंब्याखाली पानं मांडली होती, वांग्याची भाजी निवत होती. प्रशांतला काळजी वाटत होती, मलाही. तिसऱ्या चक्करीला गाडी आमच्याकडे येताना दिसली तसे आम्ही दोघं धुऱ्यावर चढलो आणि हात हलवून ओरडायला लागलो. "बाबा, पुरे झालं! आई, सोड! जेवाले चला!"

बाबांनी आमच्याकडे पाहिलंच नाही. मान ताठ, डोळे समोर, डावा हात त्या लाकडी गोळ्यावर, तोंडाचा ओढलेला कोपरा आणखी वर ओढलेला. आईनं पाहिलं. काचेतून आमच्याकडे नीट, बराच वेळ पाहिलं. तिनं नुसते हात सैल सोडले असते तर गाडी थांबली असती. तिनं मान वळवून समोर पाहिलं, दोन्ही हातांनी मूठ घट्ट आवळली, आणि गाडी आमच्या अंगावर धूळ उडवत चौथ्या चक्करीला निघून गेली.